क्रेचना नगरसभेचा हवामान ठराव हाणामारीच्या आधीच संमत झाल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
नगरसभा ठराव छाननी शाखा,
प्रांतिक कार्यालय.
(मा. तुरुंग अधीक्षकांमार्फत)

अर्जदार : मुनेवेरा टाबाक, वय ५८, ऊर्जा लिपिक (निलंबित), क्रेचना नगरपालिका. सध्या मुक्काम प्रांतिक तुरुंग, महिला विभाग.

विषय : ठराव क्र. ७ माझ्या गुन्ह्याच्या कारणावरून रद्द न करणेबाबत.

संदर्भ : १) क्रेचना नगरसभेचा ठराव क्र. ७, दि. २६ फेब्रुवारी २०१९.
२) सदर ठराव रद्द व्हावा यासाठी नगरसेवक श्री. नुसरेत ग्राबुस यांनी आपल्याकडे केलेला अर्ज, दि. ४ मार्च २०१९.

महोदय,

१. दि. २६ फेब्रुवारी रोजी भर सभेत मी श्री. नुसरेत ग्राबुस यांच्या तोंडावर अडीच किलोचा लोखंडी गोळा मारला. त्यांचा जबडा दोन ठिकाणी मोडला व चार दात पडले. हे मी नाकारत नाही आणि त्याबद्दल दयेची मागणीही या अर्जात नाही. मागणी एवढीच आहे, की माझ्या हातून झालेल्या कृत्याची शिक्षा ठरावाला देऊ नये.

२. आमच्या महापौरांनी मे २०१७ मध्ये युरोपातील महापौरांच्या हवामान व ऊर्जा करारनाम्यावर सही केली. सही करणे सोपे असते. त्या दिवशी चित्रफीत काढली, केक कापला. परंतु सहीनंतर दोन वर्षांच्या आत गावात कोण काय जाळते याची मोजणी, आणि २०३० पर्यंत धूर चाळीस टक्क्यांनी कसा कमी करणार याचा आराखडा, नगरसभेच्या मंजुरीसह पाठवावा लागतो. मुदत या मे महिन्याअखेर संपते. मोजणीचे काम मजकडे आले. धुराडी साफ करणारे उस्ताद एद्हेम चेल्यो, वय ६१, यांना मी सोबत घेतले, कारण गावातील प्रत्येक धुराडे त्यांना आतून माहीत आहे. दोन हिवाळे आम्ही दारोदार फिरलो. दोन हजार तीनशे सोळा शेगड्या मोजल्या. कॉफी प्यायल्याशिवाय एकाही घराने मोजू दिले नाही.

३. शाळा, रुग्णालय व मध्यवस्तीतील घरे तापवणाऱ्या बॉयलरला कोळसा पुरवतात ते श्री. ग्राबुस. २०२२ पर्यंत तो बॉयलर लाकडाच्या चुऱ्यावर न्यावा, असे आराखड्याचे पहिलेच कलम आहे. सबब गावात किती टन कोळसा खपतो हा आकडा आम्हांस त्यांच्या वखारीतून हवा होता. दि. ११ डिसेंबर रोजी दुपारी तीन वाजता आम्ही नगरपालिकेचे पत्र घेऊन वखारीत गेलो. श्री. ग्राबुस यांनी पत्र वाचले, घडी घालून माझ्या कोटाच्या खिशात ठेवले आणि फाटक लावायला सांगितले.

४. मला वजनकाट्याच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. पुढचे मी काचेतून पाहिले. वखारीच्या दोन माणसांनी उस्तादांना आडवे पाडून लाथा घातल्या. पाय धरून ठेवले होते ट्रकचालक फाइक स्पाहो याने, जो श्री. ग्राबुस यांच्याच गटाकडून निवडून आलेला नगरसेवकही आहे. नंतर श्री. ग्राबुस यांनी कोळसा ओढायचा लोखंडी आकडा उचलला आणि म्हणाले, "घराघरात डोकावायची फार हौस आहे ना रे तुला?" पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा डाव्या डोळ्यात. मी काच फोडली तेव्हा माझा हात मनगटापर्यंत कापला गेला, पण मी बाहेर पडेपर्यंत ते सगळे हात धुवायला निघूनही गेले होते. फाइक तेवढा तिथेच उभा होता. तो म्हणाला, "उस्ताद, उठू नका, मी गाडी आणतो." त्याच ट्रकमधून, कोळशावर झोपवून, त्याने उस्तादांना रुग्णालयात नेले. डोळा वाचला नाही.

५. पोलिसांच्या कागदावर 'छपरावरून पडून इजा' असे लिहिले आहे. त्या कागदाखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तो मजकूर खोटा आहे, आणि खोटा आहे हे ठाऊक असून मी सही केली. त्या संध्याकाळी महापौर रुग्णालयाच्या जिन्यावर मला म्हणाले, "मुनेवेरा, आत्ता तक्रार केलीस तर ग्राबुसचे दहाही लोक त्याच्यामागे एका जागी बसतील. ठराव होऊ दे. फेब्रुवारीपर्यंत दम धर, मग मी स्वतः तुझ्याबरोबर येतो." मी उस्तादांना विचारले. बँडेजखालून ते म्हणाले, "डोळा काही परत उगवणार नाही. एवढे जिने चढलो ते काय फुकट? तू मोजणी पुरी कर, बाई." मी सही केली. या सहीबद्दल माझ्यावर जो काही निराळा खटला व्हायचा तो व्हावा.

६. दि. २६ फेब्रुवारी रोजी सायंकाळी पाच वाजता सभा सुरू झाली. सभासद एकवीस. उस्ताद माझ्या शेजारी बसले होते व त्यांची कामाची पिशवी आमच्या पायांशी होती. ते सकाळपासून कामावर होते आणि सरळ तिकडूनच आले होते. मी आकडे वाचून दाखवले. श्री. ग्राबुस उठले आणि म्हणाले, हे आकडे बाईंनी घरी बसून रचले आहेत. त्यानंतर उस्तादांकडे बोट करून ते म्हणाले, "साक्षीदार बसलाय की. विचारा त्याला. त्यानं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, डोळ्यानं." काही लोक हसले. उस्तादांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली व खाली पाहत राहिले. तेव्हा पाच वाजून एकेचाळीस मिनिटे झाली होती, असे सभेच्या लिपिक बाईंनी नोंदले आहे.

७. अध्यक्षांनी मत मागितले. बाजूने दहा हात वर गेले, आणि मग मागच्या रांगेतून अकरावा हात वर आला. तो फाइक स्पाहोचा होता. श्री. ग्राबुस मान वळवून म्हणाले, "फाइक, हात खाली घे." फाइकने हात खाली घेतला नाही. श्री. ग्राबुस यांनी पुन्हा मोजणी मागितली. अध्यक्षांनी प्रत्येकाचे नाव घेऊन पुन्हा मोजले. स्वतःचे नाव आल्यावर फाइक उभा राहिला आणि बोलला, "बाजूने. आणि त्या दिवशी मी उस्तादांचे पाय धरले होते, हेही लिहून घ्या." ते लिहिले गेले नाही, कारण तो विषय पत्रिकेवर नव्हता. अकरा विरुद्ध दहा, ठराव संमत, असे अध्यक्षांनी जाहीर केले तेव्हा पाच अठ्ठेचाळीस झाले होते.

८. त्यानंतर मी उस्तादांच्या पिशवीतून काजळी पाडायला धुराड्यात सोडायचा गोळा दोरीसकट काढला, दोन रांगा ओलांडल्या आणि मारला. मग जे झाले ते आपणांस ठाऊक आहे. श्री. ग्राबुस यांच्या पुतण्याने खुर्ची फेकली, ती अध्यक्षांच्या खांद्यावर बसली. फरशीवर रक्तावरून पाय घसरून दोघे पडले, त्यांना इतरांनी तुडवले. उस्तादांना पुन्हा मारहाण झाली, बरगड्या गेल्या. मला पकडून ठेवणाऱ्या शिपायाचा मी चावा घेतला, त्याची मी लेखी माफी मागितली आहे.

९. श्री. ग्राबुस यांचे आपल्याकडील म्हणणे असे, की मारहाण मतदानाच्या आधी झाली, सभासद दहशतीखाली होते व अकरावे मत भीतीपोटी पडले; सबब ठराव रद्द व्हावा. आधारादाखल त्यांनी फाइक स्पाहोचा जबाब जोडला आहे : 'गोळा पाहून मी घाबरलो व हात वर केला.' त्या जबाबाखालील सही कृपया फाइकच्या जुन्या सहीशी ताडून पाहावी. ती डाव्या हाताने केलेली आहे. दि. १ मार्च रोजी, दिवसाढवळ्या, वखारीत त्याचा उजवा हात ट्रकच्या फाळक्यावर ठेवून फावड्याने मोडण्यात आला. तीन बोटे व मनगट. त्याची बायको इथे मला भेटायला आली होती. ती म्हणाली, "त्यांनी विचारलं, कुठला हात वर केला होतास? आणि या येड्यानं खरं सांगितलं." जबाब दोन दिवसांनी झाला.

१०. माझे वकील भले गृहस्थ आहेत. त्यांनी मला समजावले, की श्री. ग्राबुस यांच्या म्हणण्याला मी दुजोरा द्यावा. टोमणा ऐकताक्षणी, म्हणजे मतदानाआधीच, भान सुटून हात उचलला गेला, असे मी म्हटले तर तो क्षणिक संतापाचा गुन्हा ठरतो. शिक्षा निम्म्याहून कमी होईल. शिवाय तसे लिहून दिल्यास श्री. ग्राबुस फिर्याद मागे घेतील, असा निरोप आहे. वकील म्हणाले, "टाबाकबाई, घरी जाल. तुमच्या वयाला तुरुंगातली थंडी झेपायची नाही." मी विचाराला रात्रभराची मुदत मागितली नाही. तिथेच नाही म्हणाले.

११. कारण तसे झालेले नाही. मला संताप आला तो पाच एकेचाळीसला, हे खरे. पण भान सुटलेले नव्हते. पिशवीची नाडी मी तेव्हाच सोडली होती आणि गोळ्यावर हात ठेवून बसले होते. उस्तादांना ते दिसले, ते हळूच म्हणाले, "नको." मी त्यांना म्हटले, "आत्ता नाही." पहिली मोजणी झाली, मी बसून राहिले. दुसरी झाली, प्रत्येक नाव मी ऐकले. अध्यक्षांनी निकाल उच्चारला, लिपिक बाईंनी तो लिहिला, त्यावर शिक्का उमटला, आणि मग मी उठले. सरकारी वकील याला पूर्वनियोजित म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते मी न्यायालयातही असेच सांगणार आहे. मी सात मिनिटे थांबले, महोदय. हात मोजून होईपर्यंत थांबले.

तरी ठराव क्र. ७ कायम ठेवून आराखडा मुदतीत रवाना होऊ द्यावा, ही विनंती.

शिक्षेबाबत काहीही न मागणारी,
आपली नम्र,
(सही)
मुनेवेरा टाबाक
दि. १९ मार्च २०१९

सोबत :
१) सभेच्या इतिवृत्ताची वेळेसह नक्कल.
२) एद्हेम चेल्यो यांचा रुग्णालयाचा दाखला, डिसेंबर. (फेब्रुवारीचा मिळताच सादर करीन.)
३) फाइक स्पाहो यांच्या उजव्या हाताच्या क्ष-किरण चित्राची प्रत, पत्नीकडून.
४) माझी सही असलेल्या खोट्या पोलीस टिपणाची नक्कल.