डगल्डने मागितलेली तलवार

माझ्या नवऱ्याच्या गळ्यात पातं घातलं माझ्या दिराने, डगल्डने, आणि गावात नाव झालं माझ्या पोरीचं. चार वर्षं ऐकते आहे: ऊनाने खिळा नीट ठोकला नाही, तलवार भिंतीवरून सुटली, बापाचा जीव गेला. म्हणून मी, इशबेल मॅकफेल, यूअन मॅकफेलची विधवा, वय त्रेपन्न, राहणार बालनाकील, हे मृत्युपत्र लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, हृदय तेवढं नाही. वीस एप्रिलला इन्व्हरनेसचे डॉक्टर छाती उघडणार आहेत. हे लिही म्हणून मला कोणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

राहतं घर, मागचं मेंढरांचं रान आणि बँकेत असेल ते ऊनाला. दुकानही तिलाच, आतल्या सगळ्या शोभेच्या तलवारी, ढाली आणि खंजिरांसकट. बाप गेल्यापासून ती ॲबर्डीनला माशांची डोकी उडवायचं काम करते, हातोडीला शिवत नाही.

दुकान चालवलंस तर ऊना, बापासारखं चालव. लोक तलवारीच्या मुठीभोवतीच्या लोखंडी पिंजऱ्यावरून हात फिरवतात, काय सुंदर नक्षी म्हणतात. यूअन त्यांना सांगायचा, "बाई, समोरच्याचा खांदा बरगडीपर्यंत उतरवताना आपली बोटं शाबूत राहावीत म्हणून आहे हो तो." मग कलोडनच्या माळावरच्या १७४६ च्या लढाईचं सांगायचा. आमची माणसं तोफांच्या तोंडावर धावली आणि तासाभरात चिखलात आडवी झाली. जे जखमी होऊन कण्हत पडले होते त्यांना राजाच्या शिपायांनी हिंडून हिंडून संगिनींनी भोसकलं. मेलेल्यांच्या तलवारी जिंकणाऱ्यांनी नेल्या, बागेच्या कुंपणाला गज म्हणून लावल्या. एवढं ऐकून जो घेईल त्याला तलवार द्यावी. जो तोंड वाकडं करील त्याला चहाचा मग विकावा.

आमच्या घरात खरी तलवार एकच. त्या माळावरून जिवंत सुटलेल्या मॅकफेलने ती छपराच्या गवतात खुपसली, तेव्हा शिपाई घरं जाळत फिरत होते. पात्याला खाचा आहेत. कोणाच्या हाडांच्या, ते तो सांगून गेला नाही. दुकानातल्या साऱ्या तिच्या नकला. डगल्डचा लहानपणापासून तिच्यावर डोळा.

यूअन गेला तो त्या लढाईचाच दिवस, सोळा एप्रिल. माळावर फुलं वाहून गाव आमच्याकडे जेवायला यायचं होतं. दोघे भाऊ लवकर परतून दुकानात व्हिस्की घेऊन बसले होते. मी मागे मटणाचा रस्सा ढवळत होते. मधे फक्त फळ्यांची भिंत, शब्दन् शब्द ऐकला.

"दादा, खरी काढ खाली. आपले लोक धावून कसे जायचे ते दाखवतो."

"तुझ्या हातात मी लोण्याची सुरीही देणार नाही."

"बापाची आहे ती. तुझ्या एकट्याचा बाप नव्हता तो."

"आधी सरळ उभा राहा. मग बापाचं बोलू."

"नको देऊस. ही घेतो."

मग आरोळी, आणि लोखंड तुटल्याचा आवाज. शोभेच्या तलवारीचं पातं मुठीत बारीक सळईने डकवलेलं असतं. भिंतीवर जन्म काढील, जोराने फिरवली की तुटून उडते. हे डगल्ड स्वतः गिऱ्हाइकांना बजावायचा. पातं यूअनच्या हनुवटीखाली घुसलं होतं. तो खुर्चीतच स्वतःचं रक्त गिळत होता. मी ॲप्रन कोंबला, बोटांमधून गरम रक्त उसळत राहिलं. तो भावाकडे बघत मेला. मी पोलिसांना फोन करून परत येते तर मूठ भिंतीखाली, खिळा वाकलेला. "वहिनी, आपोआप सुटली गं." उजव्या हाताची बोटं सोललेली. पिंजऱ्यातून हात घाईने ओढला की सोलतातच. पिंजऱ्याच्या आतल्या अस्तराची लाल बनात त्याच्या रक्ताने कडक झाली. लालावर लाल, पोलिसांना दिसलं नाही. ती मूठ माझ्याकडे आहे.

मारायचंच होतं त्याला, असं मी म्हणत नाही. पण खिळा त्यानेच वाकवला.

सासूबाई म्हणाल्या, "एक पुरला. मी जिवंत असताना दुसरा तुरुंगात घातलास तर तुझ्या हातचं पाणी घेणार नाही." मी शब्द दिला. म्हातारी फेब्रुवारीत गेली, शब्द तिच्यापुरता होता. ऊनाला मी सगळं सांगितलं. ती म्हणते, "आई, तू माझी समजूत घालतेस." पोरीला पटेल ते डगल्डच्याच तोंडून.

तेव्हा खऱ्या तलवारीचं असं. डगल्डने खरं सांगितलं तर ती त्याची, आणि मला खड्ड्यात सोडताना शवपेटीची पायाकडची दोरीही, घरच्या माणसाचा मान म्हणून, त्याच्या हातात द्यावी. डोक्याकडची ऊनाची. नाही बोलला तर पायाकडची दोरी कोणीही धरावी, तो नको. तलवारीचे तुकडे करून माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला गज बसवावेत, आणि मूठ पोलिसांकडे द्यावी.

सही: इशबेल मॅकफेल
बालनाकील, २ एप्रिल

माझ्यासमोर सही केली: बेथाग मन्रो, टपालवाली. मर्डो गिलीस, समोरचा खाटीक.

डगल्ड, याची नक्कल मर्डो तुझ्या हातात देईल. सोळा तारखेला माळावर सगळं गाव फुलं घेऊन उभं असेल, ऊनाही येते आहे. तिच्यासमोर मोठ्याने सांगायचं, तलवार कोणाच्या हातात होती. खिळ्याचं नाव काढायचं नाही. सांगणार आहेस की नाही, ते दहा एप्रिलच्या आत माझ्या दारात येऊन, माझ्या तोंडावर बोल.