भाच्याच्या पोटऱ्या

माय, परवा आखाजीच्या सणाला घरी आलो होतो. सुरतेहून येणारी गाडी नवापूरला थांबली तेव्हाच परत फिरावंसं वाटलं, ते तापी ओलांडून बैलगाडी गावात शिरेपर्यंत वाटतच होतं. भीती तुझ्या धाकट्या लेकीच्या मुलाची वाटते. तो तू गेल्यावर जन्मला, तू त्याला पाहिलं नाहीस. चार वर्षांचा होईल आता. त्याच्या पोटऱ्या फार भरलेल्या आहेत.

आपल्या मधल्याच्याही अशाच होत्या. आबांना केवढा आनंद! लेक पहिलवान होणार म्हणून त्यांनी त्याला तालमीत घातलं, रोज सकाळी ओसरीवर बसवून तिळाच्या तेलाने त्याचे पाय चोळले, म्हशीचं दूध आधी त्याला. तो मात्र सारखा पडायचा. उठताना आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा. आबा ओरडायचे, "इतला धिप्पाड पोऱ्या, आन् बुढासारखा काय उठस?" एकदा तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, आणि तुझा हात थांबतो. हळूच म्हणतेस, "मन्हा भाऊ बी असाच उठे." आबांनी ऐकलं नाही, मी ऐकलं. तो मामा लहानपणीच गेला, एवढंच मला ठाऊक होतं. तव्यावरची भाकरी जळाली तरी तू पोराकडेच बघत होतीस. तुझा तो चेहरा आठवला की मला अजून धडकी भरते.

पुढचं तुला काय सांगू? त्याचं चालणं थांबलं, मग बसणं, आणि मिसरूड फुटायच्या वयात श्वास. तू विचारत राहिलीस, "मन्हं काय चुकनं?"

मी आता मुंबईच्या प्रयोगशाळेत स्नायूंवरच काम करतो. बेडकाच्या मांडीचा स्नायू विजेच्या धक्क्याने कसा आखडतो, केव्हा थकतो, ते मोजतो. माणसाच्या आजारी स्नायूचे पातळ काप भिंगाखाली बघतो. मधल्याच्या पोटऱ्यांत ताकद नव्हती गं, चरबी होती. स्नायू विरत गेला आणि त्याच्या जागी ती भरत गेली, आणि आपण तिला तेल चोळत होतो. हा आजार मुलग्यांना होतो, येतो आईकडून. आईला स्वतःला बहुधा काही होत नाही, तिला पत्ताही नसतो. लेकी तो पुढे नेऊ शकतात; सगळ्याच नेतात असं नाही. त्या 'असं नाही'वर मी दिवस काढतो. औषध कुठेच नाही. तुझं काही चुकलं नव्हतं, माय. हे कळायला मला फार उशीर झाला.

धाकटीला मधला आठवत नाही, ती तेव्हा पाळण्यात होती. आखाजीच्या झोक्यावरून उतरून ती आली आणि पोराला माझ्यापुढे उभं केलं. "दादा, दख ना, मन्हा पोऱ्या पहेलवान व्हई! तू इतला शिकेल शेस, सांग, याले तालीममा कव्हय धाडू?" ती पुन्हा दोन जिवांची आहे. ओसरीवर आबा बसले होते.

आपल्यात मामाने भाच्याच्या पाया पडायचं. मी वाकलो आणि ते पाय अगदी डोळ्यांसमोर आले. माझं तोंड बघायला पोर हसत खाली फतकल मारून बसलं. आता ते उठणार होतं. हात गुडघ्यांवर ठेवतं का, एवढंच बघायला मी मुंबईहून आलो होतो. मी कपाळ जमिनीला टेकवलं, डोळे गच्च मिटले आणि त्याच्या वाळ्यांचा आवाज लांब जाईपर्यंत तसाच राहिलो. धाकटी कौतुकाने म्हणाली, "दादाना केवढा जीव शे भाच्यावर!"

हे पत्र कुठे टाकणार, ट्रंकेत ठेवतो. एक मात्र तुला सांगून टाकतो. पोर कसं उठलं ते आबांनी पाहिलं. निघताना त्यांनी माझा हात धरला, काही सांगणार होते. मी म्हणालो, गाडी चुकेल. गाडीला पुष्कळ वेळ होता.