ज्याला मुलगा आहे त्याच्यासाठी

मी, इंदूबाई साहेबराव ओव्हाळ, वय अंदाजे बहात्तर, धंदा सुईणपण, राहणार मौजे ताम्हिणी, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचे इथे काम नाही.

१. माझे दोन खोल्यांचे घर व पडवी. जागा मी बाळंतपणांच्या कमाईतून घेतली. त्यात दुसऱ्या कोणाचा छदाम नाही. मुलगा प्रदीप हिंजवडीत नोकरीला आहे. घर एका फार्महाऊसवाल्याला देऊन टाकू म्हणतो. ते त्याला मिळणार नाही.

कारण लिहून ठेवते. मागे मी निराधारांचा पगार मागायला कचेरीत गेले. टेबलामागच्या माणसाने विचारले, "पोरगा हाय का?" मी म्हटले, "हाय." "मग तुमी निराधार कशा?" कागद परत दिला. प्रदीप वर्षातून एकदा येतो, कागदावर मात्र रोज हजर असतो.

२. वस्तीत आता बाळंतपणे होत नाहीत. दोनच पुरे, हे घरोघर मीच सांगत फिरले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण लेकरे थोडी होणार हे सरकारला ठाऊक होते, तर म्हातारे उरणार हे कोणाच्याच डोक्यात कसे आले नाही? अंगणवाडीत दोन पोरे आणि पातेलेभर खिचडी. उरलेली म्हाताऱ्यांना दे म्हटले, तर सेविका साळूबाई म्हणते, "मावशी, न्हाई देता येत. नियम पोरांचा हाय." तीच खिचडी कुत्र्याला घालताना नियम आडवा येत नाही. साळूबाईवर राग नाही, तिला नोकरी टिकवायची आहे.

३. म्हणून माझ्यामागे या घरात म्हाताऱ्यांसाठी एक वेळचे जेवण शिजावे. बँकेतली शिल्लक त्यालाच लावावी. व्यवस्था साळूबाईने बघावी. अट एकच: ज्याला मुलगा आहे, त्यालाच ताट वाढावे. ज्याला कोणी नाही, त्याला सरकार आहे.

शेजारच्या कोंडिबाची पोरे माझ्या हातात जन्मली, पण माझ्या हातचे पाणी त्या घरात कधी चालले नाही. आता पोरे पुण्याला, आणि तो एकटाच चूल फुंकतो. त्याने जरूर यावे. पंगतीतच बसावे लागेल, वेगळे ताट मिळणार नाही.

४. नाळ कापायची कात्री नात प्रियदर्शिनीला. तिच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात मला आत सोडले नाही, ते अजून सलते. ज्या घंगाळात वस्तीची पोरे न्हाली, ते घरातच राहावे. उठता न येणाऱ्यांना त्यातल्या पाण्याने अंघोळ घालावी.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून घरी सून रांधून वाढते असे दोघे शोधले. शोधायला वेळ लागला.

६. प्रदीपला काही नाही. त्याला एकच मुलगी, म्हणजे कलम ३ प्रमाणे तो इथे जेवायलाही पात्र नाही. तरी साळूबाई, तू ध्यानात ठेव, आणि तुझ्यामागे जी कोणी असेल तिलाही सांगून ठेव: तो म्हातारा होऊन या पडवीत येऊन बसला, तर पोरगा हाय का, असे त्याला विचारू नये. ताट वाढावे.

साक्षीदार:
१) विठ्ठलराव मारणे (सही)
२) बहिरू बामगुडे (डाव्या हाताचा अंगठा)

सही: इंदूबाई साहेबराव ओव्हाळ
मुक्काम ताम्हिणी, दि. २ नोव्हेंबर २००८