सरळ झालेला पाय

माय,

माझा उजवा पाय सरळ झाला. आपल्या मायलेकींच्या पायांच्या मधून कुत्रं सरळ निघून जाईल, असं मामी म्हणायची ना? आता माझ्या मधून मांजरच जाईल. रायपूरच्या गुढियारीत कोणी मला मागून पाहिलं की तूच समजून हाक मारायचं. पुढं डुलत चालणारी तू आणि मागं तशीच डुलणारी मी, सगळा पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला, आपल्याला चालीवरून ओळखायचा. मला तेव्हा त्याचा भारी राग यायचा.

सध्या तो चुलीचा कोपरा सारखा आठवतो. रविवार आहे, चुलीवर उलटं मडकं तापलंय. तू टाचांवर उकिडवी बसून पातळ कणीक दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत लांबवतेस आणि अलगद मडक्यावर टाकतेस. लांबपोळी शिकायची तर चुलीशी उकिडवंच बसावं लागतं, आपल्यातल्या साऱ्या पोरी तशाच शिकल्या. मी बसायला गेले की तू डालड्याचा रिकामा डबा सरकवतेस. ‘याच्यावर बस. गुडघे मोडून बसू नको.’ डब्यावरून हात उंच पडतात, पोळी फाटते. मामी खदखदून हसते, ‘पोट्टी हाय का सायबीण? डब्यावर बसून सैपाक करून राहिली!’ मी रडकुंडीला येते, ‘मलेच काहून माय?’ आणि तू कलथा आपटतेस. ‘पोळी फाटली त कुत्र्याले टाकू. गुडघे कोनाले टाकशीन?’ मी दिवसभर फुगून बसले.

मला वाटायचं, पोरीचे वाकडे पाय चारचौघींत दिसू नयेत म्हणून तुझी ही धडपड. तू स्वतः उठताना भिंत धरायचीस, गुडघ्याच्या वाटीवर तळवा दाबून क्षणभर डोळे मिटायचीस, गच्चीवरून उतरताना पायरीपायरीवर बसत यायचीस. ते मी रोज पाहत होते, पण त्याचा आणि डब्याचा संबंध कधी जोडला नाही. तू गेलीस तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. आता सारं सुधारणार म्हणून लोक खूश होते आणि तू खाटेवरून म्हणत होतीस, ‘आधी आपल्या पाऱ्यातली नाली सुधरू द्या.’ नाली सुधारली माय, उशिरा का होईना.

पन्नाशीला माझेही गुडघे बोलायला लागले. पंडरीतल्या दुकानात दिवसभर साड्या दाखवायच्या, वरच्या माळ्यावरून गठ्ठे आणायचे, तर जिना उतरवेना. लेकीनं तेलीबांध्याच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरसवदा, पण समजावून सांगणारा. ‘आंटी, घुटना पूरा खराब नहीं है, वजन सब अंदर की तरफ आ रहा है।’ नडगीचं हाड गुडघ्याखाली कापायचं, आतल्या बाजूनं फट उघडून पाय सरळ करायचा, वर धातूची पट्टी ठोकायची. मग भार चांगल्या बाजूवर जातो आणि गुडघा आपला आपल्यापाशी राहतो. मी लगेच हव म्हटलं, तर तो म्हणाला, थांबा, भानगड पुढं आहे. गुडघ्याची वाटी एका जाड पट्ट्यानं नडगीला बांधलेली असते. फट उघडली की पट्टा वाटीला खाली ओढतो, आणि उतरता-बसताना ती मागच्या हाडावर जास्त दाबली जाते. त्यावर त्याच्याकडे तोड होती. पट्टा जिथं चिकटतो तो उंचवटा वरच्या तुकड्यालाच राहील असा काप घ्यायचा, म्हणजे वाटी जागची हलत नाही. पण वाटीची मागची बाजूच घासून गेलेली निघाली, तर तो हाडाला हात लावणार नव्हता. दुखणं आतून उठून समोर येऊन बसेल, म्हणाला. मग मी दुकान सोडायचं आणि गुडघा बदलण्याच्या वयाची वाट पाहत घरी बसायचं.

कमरेत सुई दिली, खालचं अंग लाकूड झालं, पण मी जागी होते. आधी दुर्बीण घालून वाटी पाहणार होते. खरं सांगते, माझ्या डोळ्यांसमोर तुझेच गुडघे येत होते. आईचं रूप घेतलं, चाल घेतली, मग वाट्या तरी वेगळ्या कशा निघतील? डॉक्टरनं दुर्बीण आत फिरवली. मग एकदम म्हणाला, ‘वाह आंटी, कटोरी तो एकदम चिकनी है! नीचे नहीं बैठते थे क्या?’ पडद्यावर ओल्या खोबऱ्यासारखं पांढरंशुभ्र दिसत होतं. मी म्हटलं, ‘माँ बैठने नहीं देती थी।’ तो हसला. त्यामुळंच झालं असं सांगता येत नाही, पुष्कळसं जन्माचं असतं, म्हणाला. असेल बाबा, त्याचं शास्त्र त्याच्यापाशी. मी डब्यालाच मानते. मला रडू फुटलं, सिस्टरला वाटलं दुखतंय. दुखत कुठं होतं? तू आपले गुडघे चुलीपुढं झिजवलेस आणि माझे डब्यावर ठेवून वाचवलेस, आणि हे मला कळायला एवढी वर्षं लागली. तुझे उपकार कसे फेडू गं माय.

आता मी कठडा न धरता जिना उतरते. परवाच्या रविवारी लेकीनं गच्चीवर विटांचा उंच ओटा रचून त्यावर चूल मांडली आणि मी उभ्यानं लांबपोळ्या केल्या. सवयीनं जरा वाकले, तर ती खेकसली, ‘मम्मी, नीचे मत बैठना!’ तिला मराठी बोलता येत नाही, पण आवाज थेट तुझा.

डॉक्टर म्हणतो, डावा पायही करून टाकू. मी तारीख पुढं ढकलून राहिले. घरी सांगते, दुखत नाही. तू असतीस तर कान धरून दवाखान्यात नेलं असतंस, म्हणून हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं. दुखते माय, खूप दुखते. पण उजवा पाय टाकते तेव्हा मी कोणीही बाई असते, आणि डावा टाकला की अजून तुझ्यासारखी डुलते.