बाल हरण मंडळाचे पाडस

प्रति,
मा. रेंज ऑफिसर साहेब,
जंगल खाते, मोहखोरा रेंज,
मुक्काम बऱ्हाणपूर, जिल्हा निमाड (मध्यप्रदेश)

अर्जदार : भाईदास दगा महाजन, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार लोधीपुरा, बऱ्हाणपूर.

विषय : अर्जदाराच्या अंगणात असलेले हरणाचे पाडस त्याच्या आईकडे सोडण्यासाठी मोहखोरा कुरणात जाण्याचा परवाना मिळणेबाबत.

संदर्भ : १) 'बालकों का हरण' या विषयाचे आपल्या कचेरीचे पत्र. २) अर्जदाराने त्यावर हिंदीत केलेला खुलासा. ३) त्या खुलाशामुळे आलेले आपल्या कचेरीचे दुसरे पत्र.

महोदयांच्या सेवेशी सविनय सादर,

अर्जदाराच्या अंगणात सध्या हरणाचे एक पाडस पोत्यावर निजलेले आहे. ते अर्जदाराने धरलेले नाही, विकत घेतलेले नाही आणि पाळण्याची त्यास हौसही नाही. बहादरपूरचे शेतकरी सुपडू यांच्या हरभऱ्यात लावलेल्या फाशात त्याचा मागचा पाय अडकला. सुपडूंनी तो सोडवला आणि पाडस घोंगडीत गुंडाळून अर्जदाराच्या दारी आणून ठेवले. त्याची आई रोज पहाटे सुपडूंच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येते, उभी राहते आणि उजाडले की कुरणात परत जाते. येथवर गोष्ट सरळ आहे. ती वाकडी कशी झाली, हे साहेबांच्या कानी घालणे भाग आहे. साहेब या रेंजला नवे आहेत. त्यांच्यापुढे जी फाइल येईल ती अर्जदाराने एकदा स्वतः पाहिली आहे, आणि ती वाचून खुद्द अर्जदारासच अर्जदाराची भीती वाटली.

अर्जदाराची उभी हयात प्राथमिक शाळेत मुलांना शिकवण्यात गेली. नोकरी संपली तरी मुले दारात येणे थांबले नाही. तेव्हा दर रविवारी त्यांना घेऊन मोहखोऱ्याच्या कुरणापर्यंत फिरायला जाण्याचा परिपाठ पडला. वाटेत पाखरे ओळखायची, पायांचे ठसे पाहायचे, कुणी पडले तर उचलायचे. कुरणात हरणांचा कळप आहे. मुलांना त्याचे वेड लागले आणि त्यांनीच आपल्या टोळीला नाव दिले, 'बाल हरण मंडळ'. हरभरा भरायला लागला की कळप शेतात उतरतो, आणि शेतकरी फासे लावतो; त्याचेही पोट आहे. म्हणून मंडळाने बहादरपूरच्या शेतकऱ्यांशी एक करार केला. तो तोंडीच होता. रविवारी सगळे मंडळ, इतर दिवशी शाळेआधी पाळीपाळीने चार मुले धुऱ्यावर जाऊन डबे वाजवतील आणि हरणे हुसकून लावतील. शेतकऱ्यांनी फासे लावू नयेत. सुपडू तेव्हा म्हणाले होते, "मास्तर, तुमचे पोरं डबे वाजवतीन तोवर फासे माळ्यावर. पोरं गेले की फासे खाली." करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला. कुरण मालगुजाराचे होते तोवर मालगुजाराला विचारून, पुढे जंगल खात्याकडे गेल्यावर परवाना काढून, मंडळ जात राहिले. परवान्याचा अर्ज मराठीत जाई, परवाना मराठीत येई. जुने हेडक्लार्क परवान्यासोबत मुलांसाठी बोरेही पाठवत.

मग राज्ये नव्याने जुळली. विदर्भ तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. हेडक्लार्क नागपूरकडे बदली मागून गेले आणि त्यांच्या खुर्चीवर रीवा भागातून श्री. रामसजीवन बाबू आले. माणूस भला आहे, हे अर्जदार मुद्दाम लिहून ठेवतो. अर्जदाराने नेहमीप्रमाणे अर्ज केला. त्यात, यंदाच्या सालात हरण वाढले ही समाधानाची गोष्ट आहे, मुले फार उत्साहात असतात आणि गावकऱ्यांचेही पूर्ण सहकार्य आहे, असे लिहिले होते.

साहेब, आमच्याकडे हरण म्हणजे चार पायांचे, गवत खाणारे जनावर. हिंदीत त्यास हिरन म्हणतात, आणि हरण म्हणजे पळवून नेणे. सीतेचे हरण झाले हे अर्जदारासही ठाऊक आहे, आणि तेथेही सुरुवात हरणापासूनच झाली, हे तो नाकारत नाही. परंतु अर्ज लिहिताना ते त्याच्या ध्यानीमनी नव्हते. कचेरीचे उत्तर आले ते असे : "विदित हुआ है कि आप बाल-हरण का मंडल चलाते हैं, इस वर्ष हरण बढ़ने पर संतोष प्रकट करते हैं, तथा ग्रामवासी भी इसमें सम्मिलित हैं. कारण बताइए."

अर्जदाराने कारण सांगितले. येथे त्याची दुसरी चूक झाली. नव्या राज्यात नव्या भाषेत लिहावे, या सद्हेतूने त्याने खुलासा हिंदीत केला. शिक्षक म्हणून त्यास एका गोष्टीचा अभिमान आहे, ती म्हणजे त्याने आजवर एकाही मुलावर हात उचललेला नाही. तेच त्याने मोठ्या अक्षरांत लिहिले : "मैं बालकों को कभी शिक्षा नहीं करता." मराठीत शिक्षा म्हणजे छडी, अंगठे धरून उभे करणे वगैरे. हिंदीत शिक्षा म्हणजे विद्या, हे पुढे कळले. कचेरीचे दुसरे पत्र विचारते की, जेव्हा आपण स्वतःच मान्य करता की मुलांना शिक्षा देत नाही, तेव्हा त्यांना जंगलात नेण्याचा आपला हेतू काय? या प्रश्नास अर्जदाराजवळ उत्तर होते. पण ते कोणत्या शब्दांत लिहावे याचा त्यास आता धीर होईना.

म्हणून तो समक्ष कचेरीत गेला. साहेब दौऱ्यावर होते. रामसजीवन बाबूंना अर्जदाराने पाटीवर हरणाचे चित्र काढून दाखवले, शिंगांसकट. बाबू हसून हसून खोकू लागले. त्यांनी चहा मागवला, आपल्या गावाकडे असलेल्या मुलांची नावे सांगितली, अर्जदाराच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "मास्टरजी, मैं तो समझ गया. पर फ़ाइल नहीं समझी." फाइल तोपर्यंत पोलिसांकडे गेली होती.

पोलिसांचे जमादार येथलेच, आमची भाषा बोलणारे. ते लोधीपुऱ्यात आले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, मले समजते हो. मी लहान होतो तवा मीबी हरणं पाह्यले. पन कागद हिंदीत आला, तं जवाब हिंदीत लागते." त्यांनी मुलांचे जबाब घेतले. कोकिळा ही मंडळातली सर्वांत बोलकी मुलगी. मास्तर तुम्हाला कशासाठी नेतात, असे विचारताच ती म्हणाली, "हरणासाठी! आन् ज्या रविवारी हरण नाही झालं, त्या रविवारी आमाले रडू येते." त्या फेरीलाच मुले 'हरण' म्हणतात. जमादारांनी कपाळावर हात मारला. तरी जबाब जसाच्या तसा लिहिणे त्यांना भाग होते.

गुन्ह्याचा कागद बंद व्हायचा तर पळवलेली मुले सापडली पाहिजेत, असे वरून आले. म्हणून ज्या मुलांना कुणी पळवले नव्हते त्यांना त्यांच्याच घरांतून, त्यांच्याच आयांसमोर, पंचांच्या सह्यांनिशी 'बरामद', म्हणजे शोधून हस्तगत, करण्यात आले. मुलांना फार मजा वाटली. काहींनी आपल्याला दोनदा बरामद करा असा हट्ट धरला. एक गोटू मात्र बरामद झाला नाही, कारण तो मामाच्या लग्नाला खकनारला गेला होता. त्याची आई आशाबाई पंचांना म्हणाली, "अरे, माझा पोरगा वरातीत नाचून राह्यला, त्याले कोन पळवते? जो पळवीन तो संध्याकाळलोक स्वतःच आनून देईन!" तिचे बोलणे पंचनाम्यात बसले नाही. गोटू आता परत आला आहे, रोज शाळेत जातो, कालच पतंगासाठी अर्जदाराकडून दोरा घेऊन गेला. परंतु कागदोपत्री तो अद्याप बेपत्ता आहे. बरामदीची तारीख उलटून गेल्याने त्यास आता सापडण्याकरिता जिल्ह्याच्या कचेरीतून, खंडव्याहून, हुकूम लागतो.

मंडळाचे नाव बदलून 'हिरन' करावे, अशीही विनंती अर्जदाराने करून पाहिली. उत्तर मिळाले की चौकशी चालू असलेल्या मंडळाचे नाव बदलता येत नाही. मंडळ मोडून टाकतो म्हटले, तर चौकशी संपेपर्यंत ते मोडताही येत नाही. कुरणाच्या चौकीवर अर्जदाराचे वर्णन लावण्यात आले आहे. उंच, अंगाने सडपातळ, डोळ्यांना चष्मा, आणि शेवटी, "बच्चों से मीठा बोलता है." साहेब, अर्जदाराने मुलांशी आता कसे बोलावे?

आया वाईट वागलेल्या नाहीत. गल्लीत भेटल्या की पदर सावरून नमस्कार करतात. पण रविवारी मुलांना घराबाहेर सोडत नाहीत, आणि इतर दिवशी शाळेआधी धुऱ्यावर जाऊ देत नाहीत. मथुराबाई, कोकिळेची आजी, दारात उभी राहून म्हणाली, "मास्तर, तुमच्यावर आमचा इस्वास हाय. पोलिसावर नाही." धुऱ्यावर डबे वाजणे बंद झाले. हरणे हरभऱ्यात उतरली. सुपडूंनी वाट पाहिली, अर्जदाराकडे निरोप धाडला, पुन्हा वाट पाहिली. शेवटी फासे माळ्यावरून खाली काढले. त्यांचा यात काडीचा दोष नाही. करारात पोरांची बाजू चुकली, म्हणजे अर्जदाराची बाजू चुकली. पाडस घेऊन आले तेव्हा ते दाराबाहेरच उभे राहिले. "मास्तर, मोठं असतं तं मी काही बोललो नसतो," ते म्हणाले. "पन हे मायकडे पाहून वरडत होतं. मले नाही पाहवलं."

पाडस तिथेच का सोडले नाही, असे साहेब विचारतील. अर्जदारानेही विचारले. सुपडू म्हणतात, पाय सुजलेला होता, उभे राहत नव्हते, कुत्री घिरट्या घालत होती. आता सूज उतरली आहे आणि पाडस उभे राहते. ते परत नेऊन द्या म्हटले, तर सुपडू कानाला हात लावतात : "आनलं तवा चौकीवाला झोपेल होता. आता घेऊन जाईन तं मलेच धरीन." त्यांचे खरे आहे. बहादरपूरच्या त्या शेताकडे जाणारी गाडवाट चौकीपुढूनच जाते. पाडस अंगणात ठेवावे तर जंगली जनावर बाळगल्याचा गुन्हा होतो, बाहेर काढावे तर विनापरवाना वाहतुकीचा. चौकशी पुरी होईतो अर्जदाराने गावाबाहेर पाऊल टाकू नये, असा जमादारांचा लेखी हुकूमही आहे. हुकूम हातात देताना ते दुसरीकडे पाहत होते.

कुणी म्हणेल, रात्री गुपचूप सोडून या. अर्जदाराने मुलांना वर्षानुवर्षे एकच धडा दिला आहे, की कुरणाची हद्द परवान्याशिवाय ओलांडायची नाही, कुरण आपले नाही, हरणांचे आहे. तो धडा या वयात त्यास मोडवत नाही. मोडला तरी, ज्याचे वर्णन चौकीवर टांगले आहे अशा माणसाच्या काखेत घोंगडी आणि घोंगडीत वळवळणारे काहीतरी पाहून चौकीवाला काय समजेल, याची कल्पना साहेबांनीच करावी.

शेजारच्या शेळीचे दूध कापसाच्या वातीने पाजतो. पहिल्या दिवशी पाडसाने ते घेतले, आता तोंड फिरवते. मुलांना कसे कळले कोण जाणे. शाळा सुटली की ती अंगणाच्या कुडापलीकडे येऊन उभी राहतात. आत या म्हणण्याची अर्जदाराची छाती होत नाही, आणि जा म्हणवत नाही. कोकिळा कुडाच्या फटीतून विचारते, "मास्तर, ह्याले माय कधी भेटीन?" परवाना आला की, असे अर्जदार सांगतो. परवाना म्हणजे काय, असे लहान मुले विचारतात. त्याचा अर्थ अर्जदारास पूर्वी सांगता येत असे.

तरी नम्र विनंती की, अर्जदारास पाडसासह कुरणाच्या कडेपर्यंत एक फेरी जाण्या-येण्याचा परवाना व्हावा आणि चौकशीचा हुकूम तेवढ्यापुरता शिथिल करवावा. मुलांना सोबत नेण्याची परवानगी मिळाल्यास फार उपकार होतील; ती नसल्यास अर्जदार एकटा जाईल. अर्जदारास जाऊ देणेच गैर वाटत असल्यास आपल्या खात्याचा एखादा शिपाई पाठवून पाडस न्यावे, अर्जदार घोंगडीसकट देईल. आणि हेही कायद्यात बसत नसेल, तर पाडसाचा पंचनामा करून त्यास रीतसर बरामद करावे आणि त्याच्या आईच्या ताब्यात द्यावे. ती पद्धत कचेरीस अवगत आहे.

हा अर्ज मराठीत लिहिल्याबद्दल क्षमा असावी. हिंदीत लिहिण्याचे अर्जदारास आता भय वाटते. उत्तर हिंदीत आले तरी चालेल, फक्त ते लवकर यावे.

कृपादृष्टीची वाट पाहत अंगणातच बसलेला,

भाईदास दगा महाजन
लोधीपुरा, बऱ्हाणपूर
दिनांक ४ मार्च १९५८

सोबत : कचेरीच्या दोन्ही पत्रांच्या नकला. आशाबाई यांचे, गोटू घरीच असल्याबद्दलचे निवेदन (अंगठा). जुन्या परवान्याची एक प्रत, मराठीत.

ता. क. : अर्ज पाकिटात घालत असताना सुपडू येऊन गेले. आज पहाटे हरणी धुऱ्यावर आली नव्हती. मुले कुडापाशी उभी होती, म्हणून ती उद्या येईल, असे अर्जदाराने मोठ्याने सांगितले आहे.