पुडीतल्या पांढऱ्या गोळ्या

बाभुळगाव, जानेवारी १९६३, शुक्रवार संध्याकाळ

तीन दिवस झाले, परसाकडे डांबरावानी काळं होऊन राह्यलं. पोटात नुसती आग. कोणाले सांगू? कापसाच्या जिनातली नोकरी मले फुटबॉलसाठीच भेटली, अन् रविवारी नेर गावाले मॅच हाये. मॅचच्या आधी आमचा कप्तान नामदेवदादा नारळ फोडते अन् खोबऱ्यासंगं दोन पांढऱ्या गोळ्या हातावर ठेवते, प्रसादावानी. गुडघ्याचं दुखणं थांबते, मी पळतो. आता तर मॅच नसली तरी घेतो. काहून घेतो? या गोळ्यांनंच आतून काही फाटलं त नसन?

आज हिंमत करून दवाखान्यात गेलतो, सगळं सांगाले. पाहतो त बाकड्यावर नामदेवदादा बसून! त्याले समजलं त टीममधून काढन, नोकरीही जाईन. डॉक्टरनं विचारलं, "काय होते?" मी म्हटलं, "गुडघा दुखते."

गुडघा त आज दुखतही नव्हता.

घरी येऊन डॉक्टरनं देलेली पुडी उघडली. त्याच पांढऱ्या गोळ्या.

बायकोले, शांताले, यातलं काहीच ठाऊक नाई. मघापासून पाण्याचा गिलास घेऊन समोर उभी हाये. म्हणते, "डॉक्टरनंच देल्या न? मंग भेता काहून?"