नमुन्याचा प्लेअर

रामवाडी, पेण
बुधवार

प्रिय हर्षददादा,

"निशे, घरात टीव्ही नसला तरी चालंल, पण डिस्क प्लेअर लागणारच!" रोह्यात प्लेअरचं दुकान उघडलंस त्या दिवशी तू म्हणाला होतास. त्यावर बाबा म्हणाले होते, "मग चित्र काय भिंतीवर बघायचं?" दुकान पुढे बंद पडलं, लग्नांचं शूटिंग तेवढं राहिलं. पण दादा, तुझं म्हणणं अर्धं खरं व्हायला लागलंय, आणि ते तुला सांगायला मी अगदी उतावीळ झालेय!

या महिन्यात मी अकरा जुने प्लेअर दुरुस्त करून विकले. अकरा! माळ्यांवरून आणि भंगारातून आणलेले. लेन्स पुसायची, ट्रेचा रबरी पट्टा बदलायचा, की बहुतेक चालू होतात. मुंबईचा घाऊकवाला सांगतो, नवे प्लेअर बनवणारे कमी होत चाललेत, म्हणून जुन्यांना विचारणा आहे. गिऱ्हाईक कोण? ज्यांच्या कपाटात लग्नाची डिस्क आहे आणि लावायला यंत्र नाही ते. काल मालतीकाकू आल्या. माझ्या दुकानातच त्यांच्या मुलाच्या लग्नाची डिस्क लावली, तर त्यांच्या सासूबाई हळदीत नाचताना दिसल्या. "बघ गो, मला जन्मभर हळू चाल म्हणाली, आणि स्वतः कशी उड्या मारतेय!" म्हणत काकू हसल्या, मग पदर डोळ्यांना लावून बसल्या. ते शूटिंग तुझंच होतं. मला इतका अभिमान वाटला तुझा!

पण हा धंदा माझ्या दोन हातांपुरता आहे. कारखाना काढावा एवढा नाही. तुमची कंपनी लोकांना सांगते तसे दहा महिन्यांत पैसे दुप्पट व्हावेत एवढा तर नाहीच नाही.

ज्या कंपनीच्या प्लेअर कारखान्यासाठी तू लोकांचे पैसे गोळा करतोस, तिचा नमुना गेल्या गुरुवारी तू माझ्याकडे ठेवून गेलास, 'जगात कुठंच नाही असं तंत्र'. सील तोडू नकोस म्हणाला होतास. मी तोडलं. नवीन काही शिकायला मिळेल म्हणून अगदी हावरटासारखं तोडलं रे. आत माझ्या रोजच्या ओळखीचं जुनं यंत्र निघालं. गंजलेले स्क्रू आणि कोपऱ्यात मेलेल्या मुंग्यांचा थर. रंग तेवढा नवा. दादा, त्यांनी आधी तुलाच फसवलंय. शूटिंगची गाडी विकून तू यात पैसे घातलेस, म्हणून तुला आत बघवत नाही, हे मला समजतं.

पण लोक कंपनीला ओळखत नाहीत, तुला ओळखतात. केरूमामांना मी म्हटलं, निदान कागद तरी मागा. तर म्हणाले, "हर्षदनं माझ्या पोरीच्या लग्नाची शूटिंग केली, सगळ्यांच्या आधी आला नि सगळ्यांच्या मागून जेवला. त्याला कसला कागद मागू गो?" आपल्याकडे असंच चालतं. रविवारी कंपनीच्या कोलाडच्या सभेत ते निवृत्तीची सगळी पुंजी तुझ्या हाती देणार आहेत, आणि त्यांच्या मागे निम्मं गाव उभं आहे.

तू काय म्हणशील ते मला आत्ताच ऐकू येतंय: 'वेडी हाईस काय, गावात तोंड कसं दाखवू?' तू नाहीच म्हणशील. तरी एक गोष्ट मागते. मामांनी चेक काढायच्या आधी तो प्लेअर सगळ्यांसमोर तुझ्या स्वतःच्या हातानं उघड. स्क्रूड्रायव्हर घेऊन मी तुझ्या शेजारी उभी राहीन, आणि सोमवारी कंपनीविरुद्ध तक्रार द्यायला पोलीस ठाण्यातही तुझ्याबरोबर येईन.

तुझीच,
निशिगंधा